उजव्या पायात जँडल

ऑकलंडच्या ओटाहुहु भागात, इंगवल्यांच्या मागच्या अंगणात गवत कधी टिकलंच नाही. का टिकलं नाही हे कांचनला विचारायची सोय नाही. ती तुम्हाला आधी चहा देईल आणि मग तासभर आपल्या सासऱ्यांविषयी आणि पोरीविषयी बोलेल. कांचन फार्मसिस्ट. गोळी जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर, हे दिवसभर लोकांना शांतपणे समजावून सांगणारी बाई. पण घरी आल्यावर दोरीवरच्या पांढऱ्या चादरीवर बॉलचा चिखलाचा गोल ठसा दिसला, की तिचंही डोकं फिरायचं. "सुखदाऽऽ!" अशी हाक उठली की शेजारच्या, टोंगा बेटांकडच्या आजीबाई कुंपणापलीकडून हसायच्या.

सुखदा तेव्हा आठ वर्षांची होती. कोल्हापूरहून राजाराम आजोबा सहा महिने राहायला आले होते. आयुष्यभर उद्यमनगरात लेथ चालवलेला माणूस, आणि तरुणपणी पेठेच्या तालमीकडून फुटबॉल खेळलेला. ज्यांनी कोल्हापूर पाहिलं नाही त्यांना हे सांगावं लागतं, की तिथे तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. पेठेच्या तालमीची फुटबॉलची टीम असते आणि मॅच असली की अख्खी पेठ दुकानांची शटरं ओढून मैदानावर जाते. उरलेला महाराष्ट्र क्रिकेटवर वाद घालत बसतो तेव्हा ही मंडळी ऑफसाइडवरून एकमेकांच्या गळपट्ट्या धरत असतात.

आजोबांनी नातीचा खेळ खुर्चीत बसून पाहिला, हुं हुं केलं, आणि एका संध्याकाळी फर्मान काढलं. "उजव्या पायातला बूट काढ. त्या पायात ती सपाता घाल."

न्यूझीलंडात रबरी सपातांना जँडल म्हणतात. डाव्या पायात बूट, उजव्या पायात जँडल, असं ते ध्यान अंगणात पळू लागलं. उजव्या पायाने मारायला जावं तर बॉल राहायचा जागच्या जागी आणि जँडल जायची शेजाऱ्यांच्या टॅरोच्या, म्हणजे अळूच्या वाफ्यात. मग "सॉरी, नाना" म्हणत ती टोंगन आजीबाईंकडून परत मागून आणायची. तिकडे आजीलाच नाना म्हणतात. असं दोन-चारदा झालं की माणूस झक मारत डावा पाय वापरायला शिकतो. सुखदा शिकली. असली शिकली, की पुढे उजव्या पायाचा तिला विसरच पडला.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" तिने एकदा विचारलं.

"आमच्या तालमीत असंच शिकवत्यात," आजोबा म्हणाले आणि कुकरची शिट्टी झाली का बघायला आत गेले.

इथली आपली पोरं मराठी ऐकतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. सुखदाही द्यायची. पण आजोबांनी इंग्रजीला कधी ओ म्हणून दिली नाही. पाणी पाहिजे तर पाणी म्हण, नाहीतर राहा तहानलेली! त्यामुळे झालं काय, पोरगी मराठी शिकली ती थेट कोल्हापूरची. मंडळाच्या गणपतीत तिने पुण्याच्या एका काकूंना सांगितलं, "काकू, मी अजून एक मोदक घेतो हं, लई भारी झाल्यात." काकूंचा मोदक ताटातच राहिला. कांचनने कपाळावर हात मारला, आणि आजोबांची छाती दोन इंच फुगली.

ओटाहुहुच्या क्लबात सुखदा पाच वर्षांची असल्यापासून जात होती. एक जुनं क्लबहाउस, दोन मैदानं, शनिवारी सॉसेजचा धूर आणि जून-जुलैत घोट्यापर्यंत चिखल. आजोबांनी त्या क्लबाला पहिल्याच दिवशी "आपली तालीम" म्हणून टाकलं. दर खेपेला आले की डाव्या कॉर्नरच्या झेंड्याजवळ घडीची खुर्ची उघडायची आणि क्लबचं निळं जाकीट घालून बसायचं, हा त्यांचा नेम. रेफरीने काही चुकीचं केलं की त्याचा अस्सल कोल्हापुरीत उद्धार व्हायचा. रेफरीला ते कौतुक वाटायचं. तो लांबून अंगठा दाखवायचा.

सोळाव्या वर्षी पोरगी क्लबच्या मोठ्या बायकांच्या टीममध्ये गेली. गोलकीपर होती सिना, शाळेपासूनची जिवाभावाची मैत्रीण, सामोअन, हसायला लागली की थांबायची नाही. सुखदाचा डावा पाय सगळ्यात जास्त कुणी झेलला असेल तर सिनाने. एकोणिसाव्या वर्षी, क्लबात शिकवायला आलेले बाहेरचे कोचही तिचं नाव नीट उच्चारू लागले होते. सुखदाला स्वतःविषयी शंका अशी नव्हतीच. "आपण प्रो होणार," ती बटाटे सोलता सोलता सांगायची, "कधी होणार तेवढंच ठरायचंय."

आजोबांचे नियम फार नव्हते. पाणी बसून प्यायचं. पंचाशी भांडायचं, पण मॅच संपल्यावर हात मिळवायचा. आणि तालीम बदलायची नाही. हा शेवटचा नियम त्यांना जिवापेक्षा प्यारा, आणि त्यामागे एक माणूस होता. दत्तू. देवदत्त त्याचं पूर्ण नाव, पण पेठेत तो दत्तूच. एका गल्लीत वाढलेले, एका ताटात जेवलेले दोघे. दत्तूसारखा लेफ्ट विंगर कोल्हापुराने पाहिला नाही, हे आजोबाही कबूल करायचे, दात-ओठ खात का होईना. तर या दत्तूला पलीकडच्या पेठेने नोकरी लावून दिली आणि तो त्यांच्या तालमीकडून खेळायला गेला. फायनलला आपल्याच जुन्या तालमीवर गोल मारला. वर प्रेक्षकांकडे तोंड करून हात जोडले!

"गोल मारला ते मारला," आजोबा अजूनही फणफणायचे, "पण हात जोडून आमाला खिजवलं त्यानं. भर मैदानात!"

पन्नास वर्षं झाली त्याला. आजोबा त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. आजी गेली तेव्हा दत्तू दारात येऊन उभा राहिला होता. आजोबांनी मान वर केली नाही. तो तसाच थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. ही गोष्ट सुखदाला कांचनने सांगितली होती, हळू आवाजात, आजोबा शेजारच्या खोलीत झोपलेले असताना.

यंदा आजोबा मे महिन्यात आले, आणि जूनच्या एका रविवारी वेलिंग्टनहून अरोहा आली. अरोहा तिथल्या व्यावसायिक क्लबची कोच. सुखदाचे दोन गोल तिने पाहिले, कुणाकुणाशी बोलली आणि सरळ डाव्या कॉर्नरकडे चालत गेली. अरोहा माओरी. तिच्या माणसांत आधी घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलायची रीत आहे. खुर्चीतल्या म्हाताऱ्याला तिने वाकून "किया ओरा" केलं, स्वतःची ओळख सांगितली आणि विचारलं, की तुमच्या नातीला आम्ही वेलिंग्टनला खेळायला नेलं तर घरच्यांना चालेल का?

आजोबांना वेलिंग्टन कळलं, प्रोफेशनल कळलं, क्लब कळला. ते उठून उभे राहिले. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"मॅडम," ते म्हणाले, "अवर फॅमिली, नेव्हर चेंज क्लब. नेव्हर."

आता घरच्या मोठ्याने इतक्या मानाने नाही म्हटल्यावर अरोहाने पुढे काय बोलावं? तिने मान लववली, हात मिळवला आणि ती संध्याकाळच्या विमानाने परत गेली. सुखदा तेव्हा क्लबहाउसात अंघोळ करत होती.

रात्री आमटी वाढून झाल्यावर आजोबांनी स्वतःच विषय काढला. लपवायचं होतं काय त्यात? उलट अभिमानाने काढला. "आज एक मॅडम आलती. वेलिंग्टनची. तुला मागायला."

सुखदाचा हात ताटातच थांबला. "मग?"

"मग काय! सांगितलं तिला. आमच्यात तालीम बदलत न्हाईत."

सुखदाचा बाप धैर्यशील ईस्ट टामाकीच्या गोदामातली शिफ्ट करून आला होता. त्याने आपल्या ताटातल्या भाताकडे असं बघायला सुरुवात केली, की जणू तो आज पहिल्यांदाच दिसतोय. कांचनच्या हातातली पळी तशीच राहिली.

"आजोबा," सुखदा म्हणाली, "तुम्ही काय केलासा ह्ये?"

"खरं तेच बोललो."

"ते तुमचं खरं हाय. माझं न्हाई."

ती उठली. डोळ्यांत पाणी आलं होतं, राग आला होता, आणि भूकही लागली होती, त्यामुळे जाताना तिने एक पोळी हातात घेतली. अंगणात उभं राहून तिने क्लबच्या मॅनेजरकडून अरोहाचा नंबर मिळवला आणि तिथल्या तिथे फोन लावला.

"मी तुझ्या कोरोला विचारलं होतं," अरोहा म्हणाली. कोरो म्हणजे आजोबा. "ते नाही म्हणाले. मी त्यांचा मान ठेवला."

"त्यांनी त्यांचं उत्तर दिलं," सुखदा इंग्रजीत म्हणाली. "आता मला विचारा."

पलीकडे हसू फुटलं. अरोहाने मोकळेपणाने सांगितलं, की तू नाहीस असं समजून मी क्राइस्टचर्चच्या एका मुलीशी बोलले आहे. विंगरची जागा एक आहे. सीझन सुरू व्हायच्या आधीच्या सरावापुरतं तुलाही घेते. शेवटच्या मैत्रीच्या मॅचनंतर दोघींतली एक राहील, एक घरी जाईल. चालेल?

"स्वीट ॲज," सुखदा म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत झकास, आणि उरलेली पोळी खाल्ली.

त्यानंतर आजोबा तिच्याशी सगळं बोलायचे. थंडी फार आहे, दूध संपलंय, डेअरीतून येताना ब्रेड आण. फक्त फुटबॉल नाही. मैदानावर जाणंही बंद केलं. निघायच्या दिवशी ती पाया पडली तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा. पन माज्याकडनं टाळ्या मागू नको."

गाडी वळणापलीकडे जायची वाट बघून कांचन सासऱ्यांवर घसरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "बाबा, पोर पळून गेलेली नाही. कामाला गेलीय! आयुष्यभर तिचा पाय घडवलात तुम्ही, आणि आता त्या पायाला कुणी पगार देतंय तर तोंड फिरवताय?" आजोबा आत वळले. त्यांनी घडीची खुर्ची गॅरेजमध्ये नेऊन ठेवली.

वेलिंग्टनात वारा असा, की कॉर्नर मारावा तर बॉल मागे यायचा. सुखदा तीन मुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहिली, वजनं उचलली, मटकीची उसळ करून सगळ्यांना खायला घातली. क्राइस्टचर्चची मुलगी तिच्याहून मोठी होती आणि पळायला भलतीच चपळ. सुखदाने पहिल्याच आठवड्यात ओळखलं, की धावण्यात आपण हिला गाठत नाही. बरं, नाही गाठत. पण बॉल डाव्या पायाला लागला की पुढचं सगळं आपलं. तिने तेच घासलं. सगळे आत गेल्यावरही ती बॅगेतून जँडल काढायची, उजव्या पायात अडकवायची आणि भिंतीवर बॉल मारत बसायची. बाकीच्या मुलींना वाटायचं, इंडियातला काहीतरी विधी असेल.

घरी फोन केला की मागे आजोबांचं खोकणं ऐकू यायचं. कांचन मुद्दाम फोनचं तोंड त्यांच्याकडे फिरवायची, आणि आजोबांना नेमकं तेव्हाच काहीतरी काम आठवायचं. सुखदाला ते लागायचं. जागा मिळेल याची तिला खात्री होती, खरंच होती. पण जागा मिळाली आणि कॉर्नरची ती खुर्ची रिकामीच राहिली, तर मिळाल्याचं सांगायचं कुणाला?

आणि नशीब कसं बघा! शेवटची मैत्रीची मॅच ठरली ती ऑकलंडला, ओटाहुहुच्याच क्लबविरुद्ध, त्याच मैदानावर. आजोबांचं कोल्हापूरला परतायचं विमान त्याच्या पुढच्या आठवड्यात होतं.

तिने फोन केला. "आजोबा, मॅच आपल्याच ग्राउंडवर हाय. येणार न्हवं?"

"मी माज्या तालमीच्या बाजूनं बसणार," आजोबा म्हणाले.

"कुणाच्या बी बाजूनं बसा. पन बसा."

शनिवारी ऊन पडलं होतं. वेलिंग्टनची बस थांबली तेव्हा सुखदाने सगळ्यात आधी डावा कॉर्नर पाहिला. खुर्ची होती. खुर्चीत निळं जाकीट होतं, चेन गळ्यापर्यंत. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि लगेच गोलपोस्टकडे बघायला लागले. तिला हसू आलं. आले ना, बास.

पहिला अर्धा भाग क्राइस्टचर्चची मुलगी खेळली आणि चांगली खेळली. सुखदा बाकावर बसून गुडघे हलवत राहिली. दुसऱ्या भागात अरोहाने तिला आत सोडलं, आणि सिना आपल्या गोलमधून ओरडली, "ट्रेटर!" आणि हसत सुटली. ज्यांच्याबरोबर वाढली त्याच मुली आता समोर होत्या, आणि तिचा डावा पाय त्यांना पाठ होता. एकीने अंगावर यावं, दुसरीने मागे थांबावं, दोघींनी मिळून तिला उजवीकडे ढकलावं. तिचे दोन क्रॉस अडले, एक बॉल बाहेर गेला. कॉर्नरच्या खुर्चीतून चकार शब्द नाही. बॉल झेंड्याजवळ नेताना आजोबांच्या बुटांची टोकं तिला दिसत होती.

खेळ संपत आला तरी शून्य-शून्य. मग बॉल डावीकडे तिच्या पायात आला. दोघी धावल्या, उजवी बाजू मोकळी ठेवून. जा तिकडे! सुखदा तिकडे गेली, एक पाऊल, आणि बॉल मागे ओढून परत डाव्यावर घेतला. सिनाला माहीत होतं काय होणार आहे. तिने झेपही बरोबर घेतली. पण बॉल तिच्या बोटांच्या पुढून गेला आणि जाळीत बसला.

वेलिंग्टनच्या मुली धावत आल्या. सुखदाने मात्र ओळखीची तोंडं पाहिली, सिनाला चिखलातून उठताना पाहिलं, सॉसेजवाले काका हातात चिमटा धरून उभे, आणि तिला काय झालं कुणास ठाऊक. तिने त्या सगळ्यांकडे वळून हात जोडले.

कॉर्नरला खुर्ची धाडकन उलटली.

आजोबा उभे होते. जोडलेल्या हातांकडे बघत होते. पोरगी खिजवत नव्हती. खिजवणाऱ्याचे डोळे असे भरून येत नाहीत, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मग त्या दिवशी दत्तूचे डोळे कसे होते? आपण कधी पाहिलेच नव्हते. हात पाहिले आणि पाठ फिरवली. पन्नास वर्षं!

"माफी कुनाची मागतीस गं?" आजोबांचा आवाज अख्ख्या मैदानावर फुटला. "गोल मारलाईस न्हवं? मग वरड की!"

सुखदा ओरडली. असली ओरडली, की रेफरीने कानात बोट घातलं. आणि निळ्या जाकिटातले आजोबा, आपली तालीम हरत असताना, दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होते.

मॅच संपल्यावर अरोहाने तिला बाजूला घेतलं. "मंगळवारी सह्या," एवढंच म्हणाली, आणि कॉर्नरकडे मान करून, "आधी तुझ्या कोरोला सांग. या वेळी तू सांग."

ती धावत गेली. आजोबा खुर्चीत बसून फोनवर बोलत होते, हात लांब करून, व्हिडिओ लावून. पेठेच्या जुन्या खेळाडूंच्या ग्रुपात दत्तू रोज सकाळी फुलांचं चित्र टाकायचा आणि आजोबा कधी उत्तर द्यायचे नाहीत. पण नंबर तर होता. पडद्यावर एक टकला म्हातारा होता, खांद्यावर पंचा, हातात चहाची बशी.

"ही बग," आजोबा म्हणाले आणि फोन तिच्याकडे फिरवला. "आपल्याच तालमीवर गोल मारला हिनं. डाव्या पायानं."

म्हाताऱ्याने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. "पोरी, उजव्या पायात सपाता घालून खेळवलं काय तुला ह्यानं?"

सुखदा थबकली. "व्हय. तुम्हाला कसं म्हाईत?"

"मला न्हाईतर कुनाला? मीच शिकवलंय की ते राजाला! उजवा पाय सोडत नव्हता ह्यो गडी."

तिने आजोबांकडे पाहिलं. ते कॉर्नरच्या झेंड्याकडे बघत होते. तिने खुर्चीशेजारी चिखलातच बसकण मारली आणि त्यांचा हात धरला.

"दत्तू," आजोबा म्हणाले, "पुढच्या आठवड्यात येतोय मी. घरी हाईस काय?"

पडद्यावरची बशी खाली ठेवलेली ऐकू आली.

"ये," दत्तू म्हणाला. "पन दारात उभा राहू नको. सरळ आत ये."